उन्हाळ्यात ट्रॅकसूट

१८ मार्च
आजपासून रोजनिशी. आयुष्यात मोठा बदल होणार आहे, नोंद पाहिजे.
टीव्हीवरची तुळशीसेठची मालिका दुसऱ्यांदा पाहून झाली. तुळशीसेठ म्हणजे गुंड, पण घरगुती. सगळं शहर त्याला टरकतं आणि तो घालतो काय, तर ट्रॅकसूट. पायात स्लिपर. कोल्ड्रिंकच्या दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो आणि बोलत नाही. समोरचा आपोआप घाम पुसतो अन् कबूल होतो.
माझं अकोल्यात, जुन्या शहरात फुलांचं दुकान. शेखरभाऊ हारवाले म्हटलं की कोणीही सांगेल. कायम इस्त्रीचा शर्ट. तरी हार ओवणारा देवमन न विचारता चहाला जातो. घरी बायको, साधना, न विचारता पाहुणे बोलावते. आज दोष सापडला. इस्त्री. इस्त्रीतला माणूस कोणाच्या तरी हाताखालचा वाटतो.
संकल्प: ट्रॅकसूट घेणे. कमी बोलणे.

२० मार्च
घेतला. मरून रंग, मखमली कापड, बाजूने पांढरे पट्टे. हुबेहूब तुळशीसेठचा. दुकानदार म्हणाला, काका, हा थंडीतला माल हाय, उरलेला. मी नुसतं पाहिलं. त्याने मोजे फुकट दिले.
असर सुरू.

२२ मार्च
दुकानात पहिला दिवस. खुर्ची बाहेर टाकून बसलो. चेन छातीपर्यंत उघडी. बनियन दिसते, त्याला इलाज नाही.
देवमनने जवळ येऊन हळूच विचारलं, "भाऊ, तब्येत बरी नाही काय?" दुपारपर्यंत आणखी तिघांनी हेच विचारलं. एकाने तर ऑपरेशन कुठं केलं तेही विचारलं. मी कोणालाही उत्तर दिलं नाही. लोक अस्वस्थ होऊन गेले.
मखमलीला झेंडूच्या पाकळ्या चिकटतात. निघत नाहीत. हे मालिकेत दाखवलं नव्हतं.

२९ मार्च
घरात विषय. साधनाने मोनालीसाठी स्थळ आणलं. अमरावतीचे केशवराव, त्यांचा अंकुर, बँकेत आहे. साधना म्हणते घर सोन्यासारखं आहे.
मोनाली आमची एकुलती एक. कृषी विद्यापीठात पीएचडी करते, तीही फुलांवरच. मी फुलं ओवतो, ती फुलं कापून काचेखाली पाहते. संध्याकाळी दुकानात आली. खुर्चीजवळ उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मले आत्ता लग्न नाही करायचं. दोन वर्षं तरी नाही. आईले वाटते मी लाजून राहिली. तुमी बोला ना तिच्याशी."
मी थोडा वेळ रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणालो, बघू.
तुळशीसेठ असंच म्हणतो. पुढच्या भागात काम झालेलं असतं.
मोनालीचा चेहरा केवढा खुलला. जाताना माझ्या पाठीवरची पाकळी काढली.

९ एप्रिल, पाडवा
दिवसभर हार, तोरणं. श्वास घ्यायला फुरसत नाही. पाठीला घामोळ्या. मखमल आतून तापते.
मोनालीने विचारलं, बोलले का आईशी? रात्री जेवताना साधनाला नजर दिली. एकटक, पापणी न हलवता. साधना म्हणाली, गॅस झाला काय? ओवा दिला.
ओवा खाल्ला. खरंच थोडा गॅस होता.

१४ एप्रिल
साधनाशी बोलण्यात अर्थ नाही. ती घरचं माणूस. घरच्या माणसावर असर उशिरा होतो. तुळशीसेठचीही बायको त्याला दूध आणायला पाठवतेच.
नवा प्लॅन: येत्या रविवारी तिघांनी मुलाच्या घरी अमरावतीला जायचं आहे. तिथे केशवरावांनाच मोडायचं. एक शब्द न बोलता. ते स्वतःच म्हणतील, राहू द्या, पोरीले शिकू द्या.
आरशासमोर सराव. डावी भुवई वर जाते, उजवी जात नाही.
मोनालीला सांगितलं, काळजी करू नको. तिने विचारलं, तुमी तिथं बोलसान ना? मी फक्त मान हलवली.

२१ एप्रिल, रविवार. अमरावतीहून परत
साधनाने पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. मी ट्रॅकसूट घातला. मूर्तिजापूर येईपर्यंत ती बसमध्ये एक शब्द बोलली नाही. मला हायसं वाटलं, म्हणजे तिच्यावरही असर.
केशवरावांनी दारातच पाहिलं आणि विचारलं, "काहून सोयरे, सकाळचं फिरणं डायरेक्ट अमरावतीपर्यंत काय?" सगळे हसले. मी हसलो नाही. (थोडा हसलो.)
पोहे झाले. अंकुर पोरगा बरा आहे. मान खाली घालून शेव वेचत होता. मग केशवराव मुद्द्यावर आले. अंकुरची बदली नागपूरला होऊन राहिली. म्हणून लग्न मे महिन्यातच. पीएचडीचं काय, ते पुढं पाहता येईल, नाही झालं तरी आमची हरकत नाही. शेवटी माझ्याकडे वळले. "तुमाले काही म्हणायचं असन तर आत्ताच म्हणा."
हाच तो क्षण. मी मागे रेललो. पंख्याकडे पाहिलं. मग केशवरावांकडे. भुवई उचलली.
मोनाली समोरच बसली होती. ती माझ्याकडेच पाहत होती. मी तिला डोळ्यांनी सांगितलं, थांब, मोडतोय.
मालिकेत इथे समोरच्याला घाम फुटतो. इथे मला फुटला. मानेवरून पाठीत, पाठीवरून खाली. तरी मी हललो नाही.
केशवराव माझ्याकडे पाहत राहिले, पाहत राहिले, आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "मानलं बुवा! पोरीचा बाप असून एक शब्द नाही, एक अट नाही. असा माणूस पाह्यला नाही. चला, तोंड गोड करा!"
मी "तसं नाही" म्हणायला तोंड उघडलं. त्यात पेढा आला.
परतीच्या बसमध्ये मोनाली पुढे एकटी बसली. खिडकीकडे तोंड करून. तिकडून ऊन येत होतं तरी पडदा ओढला नाही.

२२ एप्रिल
शांत डोक्याने विचार केला. हार नाही. तुळशीसेठसुद्धा एकदा शत्रूच्या घरी लाडू खातो. नंतरच डाव टाकतो.
मोनाली जेवली नाही. साधना म्हणते, लग्न ठरलं की पोरी अशाच गुमसुम होतात. मी काहीतरी म्हणणार होतो. तेवढ्यात तिने मंगल कार्यालयाला फोन लावला.

२५ एप्रिल
केशवरावांना फोन केला. सरळ नाही म्हणून टाकायचं, विषय संपला. त्यांनी उचलला, "बोला सोयरे!" इतक्या प्रेमाने म्हणाले की मी विचारलं, तिकडं ऊन कसं आहे? ते म्हणाले, भयानक. मी म्हणालो, इकडं त्याच्याहून भयानक. मग दोघंही थोडा वेळ ऊन या विषयावर बोललो.
फोनवर असर पडतच नाही. ट्रॅकसूट दिसत नाही ना.

२८ एप्रिल, रविवार
स्वतः अमरावतीला गेलो. एकटा. घरी सांगितलं, फुलांच्या मालासाठी चाललो. वाक्य पाठ केलं होतं: केशवराव, पोरीची इच्छा नाही. बडनेरा येईपर्यंत घोकलं.
केशवरावांनी दार उघडलं. अंगात ट्रॅकसूट. निळा. म्हणाले, "तुमचं पाहूनच घेतला! लय मोकळं वाटते हो. आता पॅन्ट घालायची इच्छाच होत नाही." त्यांचं सुती कापड होतं. त्यांना शोभतही होता.
मग मला कॉलनीच्या बागेत नेलं. आम्ही दोघं ट्रॅकसूटमध्ये गोल गोल फिरलो. भेटेल त्याला सांगत होते, हे आमचे अकोल्याचे सोयरे, देवमाणूस. तिसऱ्या फेरीला मी थांबून म्हणालो, केशवराव, पोरीची... ते म्हणाले, "पोरीची काळजी सोडा. आमच्या घरात लेकीसारखी राहीन." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.
अशा माणसाला काय सांगणार?
येताना संत्रा बर्फी दिली. घरी नेता येईना. बसमध्येच बरीच खाल्ली.

३० एप्रिल
लिहायला नको वाटतं, पण नियम म्हणजे नियम.
सकाळी मोनालीने स्वयंपाकघरात साधनाला स्पष्ट सांगितलं. मी बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो, सगळं ऐकू आलं. साधना आधी ओरडली. मग मोनाली म्हणाली, मी तर महिन्याभरापूर्वीच बाबाले सांगतलं होतं.
साधना बाहेर आली. तिच्या हाताला कणीक होती. मला विचारलं, "हे खरं हाय? तिनं तुमाले सांगतलं होतं?"
मी तिच्याकडे पाहिलं. या वेळी कसलीही नजर नव्हती.
ती म्हणाली, "मले वाटलं लाजून राहिली पोरगी. तुमी एक शब्द म्हटला असता ना, तर मी अमरावतीची बससुद्धा पाह्यली नसती."
दोघी अमरावतीला जायला तयार झाल्या. मी पण येतो म्हणालो. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाहीही म्हणालं नाही. ऑटो गेला तेव्हा मी एका पायात स्लिपर घालून फाटकात होतो.
संध्याकाळी परत आल्या. मोडलं. भांडण नाही, काही नाही. अंकुरलाही घाई नव्हतीच म्हणे. केशवरावांनी मोनालीच्या डोक्यावर हात ठेवला, मनापासून शिक म्हणाले. साधनाला मात्र विचारलं, "पोरीचं मी समजलो, वहिनी. पण तुमचे मालक परवा इथं कशासाठी आले होते?"
 

५ मे
मोनाली विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहायला गेली. गावातच आहे, पण गेली. म्हणाली, लॅबचं काम वाढलं. मी बॅग घेऊन सोबत गेलो. आज शर्ट घातला. इस्त्री नव्हती, साधनाने करणं बंद केलं आहे.
फाटकात तिने बॅग घेतली. मी म्हणालो, रागावलीस? ती म्हणाली, "नाही बाबा. राग नाही. फक्त आता मी तुमाले काही सांगत नाही जाणार. तुमाले उगाच टेन्शन येते." अगदी मायेने म्हणाली. वरून माझी कॉलर नीट केली.
याचा चांगला अर्थही काढता येईल. उद्या काढेन.
परतीला ऑटो केला. थोडं पुढं गेल्यावर ऑटोवाल्याला म्हणालो, "माझ्या पोरीले आत्ता लग्न नाही करायचं. ती शिकून राहिली. तिची इच्छा नसली तर लग्न होणार नाही, मी होऊ देणार नाही." न अडखळता. आवाजही चांगला लागला होता.
त्याने आरशातून पाहिलं. म्हणाला, "बराबर हाय काका. पण तुमाले उतरायचं कुठं हाय?"
पत्ता पटकन आठवला नाही.