कथेतली आई

आई, तुझ्यावर लिहिलेली माझी पहिली कथा तुला आवडली नव्हती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इंदापूरच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. दुपारचे तास संपले की रिकाम्या वर्गात थोडा वेळ बसून राहते. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या जात असतात, ऊन एकेका बाकावरून सरकत येतं, आणि त्या उन्हात कऱ्हाटीचं आपलं घर हळूहळू वर येतं. आप्पा चुलीपुढे बसलेत, भाकरी थापतायत. तू मेंढरं घेऊन सुप्याच्या माळाकडे गेलेली. दिवस कलायला लागला की लांबून तुझी हाळी येते आणि आप्पा मला म्हणतात, "आली बघ तुझी आई. ताट घे."

कथेत मात्र मी आप्पांना दारुडा केलं आणि चुलीपुढे तुला रडत बसवलं. तेव्हा मी बारामतीला शिकत होते. वाचलेल्या कितीतरी कथांमधली बाई अशीच होती, सोसणारी, पदरानं डोळे पुसणारी, शेवटच्या ओळीपर्यंत गप्प. बाई अशीच लिहायची असते, असं मला खरंच वाटायचं. घर आपलं, मेंढरं आपली, तुझ्या कपाळावरचं गोंदणसुद्धा जसंच्या तसं घेतलं होतं. कथेला बक्षीस मिळालं, कॉलेजात वाचन ठेवलं. तू नवं लुगडं नेसून एसटीनं आलीस, पहिल्या रांगेत बसलीस. वाचून झाल्यावर आमच्या एका मॅडमनी तुझे दोन्ही हात धरले. "किती सोसलंत हो तुम्ही!"

तू त्यांच्याकडे बघतच राहिलीस. "म्या? काय सोसलं ओ म्या?"

सगळ्यांना तो तुझा मोठेपणा वाटला. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

परतीच्या गाडीत तू तिकिटं कनवटीला खोचलीस. मग म्हणालीस, "तुझ्या बापानं च्याबी कधी दुसऱ्यांदा मागितला न्हाय. त्याला दारू पाजलीस व्हय गं?"

"आई, कथा आहे ती. कथेत असं लागतं."

"कुणाला लागतं?"

मी बक्षिसाचं पाकीट पिशवीत खाली सारलं.

"आन् ती बाई उठून जात का न्हाय तितनं? पाय मोडल्यात का तिचं?"

कथा छापून आली, गावात पोचली. पारावर कुणीतरी आप्पांना विचारलं, "काय, दारू सुटली का न्हाय अजून?" ते हसले म्हणे. पण त्यानंतर संध्याकाळचे ते पारावर गेले नाहीत, घराच्या उंबऱ्यावर बसून राहायचे. तू मला टाकून बोलली नाहीस. एवढंच म्हणालीस, "दुसरी लिही. खरी लिही." मी हो म्हणाले. मग आप्पा गेले, तूही गेलीस. मी पुष्कळ लिहिलं, पण ती कथा नाही.

गेल्या आठवड्यात कळंबची एक मुलगी कथा घेऊन आली. त्या कथेतही आई चुलीपुढे रडत होती. मी विचारलं, "तुझी आई काय करते गं?"

"पिठाची गिरणी चालवते, मॅडम. पट्टा तुटला तर सोताच बसवते. कुणी रांग मोडली तर त्याचं दळणच घेत न्हाय." सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

"मग हे का नाही लिहिलंस?"

"ह्यात काय लिहिण्यासारखं हाय?"

तुझी सगळी हकिकत माझ्या तोंडाशी आली. पण माझी ती कथा मुलं अजून वाचतात, वाचून मला मान देतात. "गिरणीवरच लिहून आण," एवढंच म्हणाले.

घरी येऊन वही घेतली, तुझी खरी कथा लिहायला. पण झालं हे पत्र, आणि तेही कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक कबूल करून टाकते. तुला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आई. पण आता डोळे मिटले की आधी येते ती मीच लिहिलेली बाई, पदर डोळ्यांना लावून. तिला जरा सरक म्हणावं लागतं. मग तू दिसतेस, तेही पाठमोरी.