जीवरक्षक अप्पाराव त्या रविवारी कामावर होते

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
नीलतरंग जलविहार दुर्घटना चौकशी,
रायपूर (छत्तीसगड)

विषय : मृत जीवरक्षक अप्पाराव यांच्याविषयी नोंदवलेला खोटा मजकूर व पुसलेली छायाचित्रे यांबाबत.
संदर्भ : आपली जाहीर सूचना, दि. १९ मे २०१४.

महोदय,

अर्जदार चेतना नत्थू मेश्राम, राहणार तेलीबांधा, व्यवसाय छायाचित्रण, सविनय सादर करते की, आपण मराठी जाणता असे कळल्याने हा अर्ज मराठीत आहे. हिंदी प्रत सोबत आहे. दोन्हींत पुढे एका शब्दाचाही फरक आढळल्यास तो अर्जदाराने केलेला नाही, असे समजावे.

नव्या राजधानीच्या रस्त्यावर, समुद्रापासून शेकडो मैल दूर, ट्रकांनी वाळू ओतून केलेल्या जलविहाराच्या या किनाऱ्यावर पुरीहून आणलेले जीवरक्षक कसे राहतात, याची छायाचित्रे अर्जदार आठ महिने काढत होती. ते मशीनच्या लाटांनाही हात जोडूनच पाण्यात उतरत. टोकदार पांढरी टोपी कधी जमिनीवर ठेवत नसत. त्यांचे प्रमुख अप्पाराव रोज सकाळी पाटीवर तारीख व पाण्याची खोली लिहीत, तीही ओडिया आकड्यांत. हे इथे कोणाला वाचता येते, असे अर्जदाराने विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "पानी को आता है, दीदी."

११ मे रोजी दुपारी चारला दोन मुली टायरवरून घसरून खोल पाण्यात गेल्या. अप्पारावांनी दोघींना काठावरच्या लोकांच्या हाती दिले. स्वतः मात्र पंपाच्या तोंडाशी ओढले गेले. तिथली जाळी निखळल्याचे त्यांनी आठवडाभर आधी सांगितले होते. व्यवस्थापकांच्या अहवालात मात्र ते त्या दिवशी सुट्टीवर होते आणि दारू पिऊन उतरले, असे लिहिले आहे.

१३ मे रोजी फाटकावर अर्जदाराचा कॅमेरा काढून घेतला. उघड्या अंगाच्या पुरुषांचे फोटो एक बाई कशाला काढते, अशी तक्रार आल्याचे सांगितले. तक्रार कोणाची, ते कोणी सांगेना. तिसऱ्या दिवशी कॅमेरा परत आला. आठ महिन्यांची उघडी अंगे त्यात जशीच्या तशी होती. फक्त ११ मेची छप्पन्न छायाचित्रे नव्हती.

पुसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. अप्पारावांना घरी पाठवायला टोपीतला एक फोटो हवा होता. तो अर्जदाराने ११ मेच्याच सकाळी काढला आणि बारा वाजता सदर बाजारातील स्टुडिओत छापून घेतला. त्यात ते उंच खुर्चीवर आहेत, गळ्यात शिटी आहे, आणि मागच्या पाटीवर त्यांच्या हातची त्या दिवसाची तारीख आहे.

हे अर्जदाराने कोणालाही सांगितले नाही, कारण आता तिला प्रत्येकाचा संशय येतो. कालपर्यंत दीदी म्हणणारे पाठ फिरवतात. भनपुरीचा शिकाऊ जीवरक्षक विकी, ज्याला बुडणाऱ्याला कसे धरावे हे अप्पारावांनी शिकवले, त्यानेच अप्पारावांच्या सुट्टीच्या खोट्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. २२ मेच्या दुपारी तो घरी आला, तेव्हा अर्जदाराने दाराची साखळी काढली नाही. फटीतूनच विचारले, "काहून आला?"

"दीदी, सही मीच केली. नोकरी जाईन म्हणून भेलो. पण दारूचं त्यायनं मंग लिहिलं. अप्पा थेंबभर पेत नव्हते," एवढे बोलून तो दारातच खाली बसला आणि रडू लागला. तेव्हा अर्जदाराने साखळी काढली.

विनंती अशी की, विकीची साक्ष तो एकटा असताना घ्यावी आणि व्यवस्थापकांना त्या वेळी बाहेर बसवावे. मूळ फोटो अर्जदार स्वतः आणील, आपल्या टेबलावर ठेवील आणि परत नेईल.

अप्पारावांच्या पत्नी लक्ष्मम्मा गुरुवारी पुरीहून येत आहेत. नवरा दारूत बुडाला, एवढेच त्यांना फोनवर कळवले आहे. फोटो त्यांच्यासाठी काढलेला आहे. आधी तो त्या पाहतील, मग कार्यालयाने पाहावा. एवढ्या एका बाबतीत अर्जदार आपली परवानगी मागत नाही.

सही-शिक्क्याच्या पोचपावतीची वाट पाहत,

आपली नम्र,
चेतना नत्थू मेश्राम
रायपूर, दि. २६ मे २०१४

सोबत : अर्जाची हिंदी प्रत, स्टुडिओच्या पावतीची झेरॉक्स.