अच्छा लगा, एवढंच

समता कॉलनी, रायपूर

गंधाली पोरी,

समाजशास्त्राच्या असाइनमेंटसाठी काल तू भोपाळहून फोनवर माझी मुलाखत घेतली. "आजी, शादी के बाद रायपुर आकर कैसा लगा?" मी म्हटलं, "अच्छा लगा." माझी हिंदी भाजीवाल्याशी भांडाले पुरते, मनातलं सांगाले पुरत नाही.

मग तू विचारलं, "राजधानी बनी तब?" तेव्हाही मी तेच म्हटलं. खरं सांगू? तुझे आजोबा रिटायर झाले की आम्ही वर्ध्याले परत जाणार होतो. पण छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर त्याची राजधानी झालं, तुझ्या बाबाले इथंच सरकारी नोकरी लागली, अन् आजोबांनी साऱ्या कॉलनीत पेढे वाटले. डबा घेऊन मी त्यांच्या मागं घरोघरी फिरली, हसून राहिली होती. आता वर्ध्याले जाणं होत नाही, हे मले पहिल्याच घरी समजलं होतं.

हे पत्र मी टाकणार नाही. तू असाइनमेंट आज जमा केली असशील. आता उत्तरं बदलून तुले त्रास काहून देऊ? पण पुढच्या वेळी मराठीत विचारजो बाई. चुकलं तरी चालते. मी मास्तरांसारखे नंबर नाही कापत.

तुझी वाट पाहणारी,
आजी