वडिलांसाठी कागदाची मशीन

१२ मार्च १९७४, सकाळ
उशिरा लिहायला घेतोय, माफी असावी. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरू करणार होतो, पण देवळातल्या उदबत्त्यांनी खोकला चढला. मग थंडी. शिवाय शाळा लहानपणीच सुटलेली, हात वळत नाही. माफी कुणाची मागतोय कोण जाणे, वाचणारा मीच. तरी मागून ठेवलेली बरी.

मुख्य गोष्ट. माझी एकुलती एक मुलगी ग्वाय-फोंग पुढच्या महिन्यात हाँगकाँग सोडून नवऱ्याकडे लिव्हरपूलला चालली. जावई तिथे हॉटेलात भाज्या परततो. नात आ-युन बरोबर. माझंही तिकीट काढलंय. अट एकच, अफूची नळी सुटली पाहिजे. म्हणाली, बाबा, पोरीला तुमच्या धुरात वाढवणार नाही. एक तर नळी, नाही तर आम्ही.

मी नशेबाज नाही. गोदीत जहाजांचा गंज खरवडून छाती गेली, म्हणून ओढतो. पण मुलीचं मन राखायला हवं. उद्यापासून बंद.

१४ मार्च
काल पाय दुखत होते. आज गेलो. हॉस्पिटलात कानाला वीज लावून तलफ घालवतात. दोन्ही कानांत सुया, सुयांना वायरी, वायरी एका डब्याला. डब्याला बटण. नर्स मिस ताम म्हणाली, आजोबा, मुंग्या आल्या की सांगा. बटण फिरवायच्या आधीच सांगितलं. हसली.

शेजारच्या खाटेवर गोदीतला जुना सोबती, वाकड्या बोटांचा. सगळे त्याला खेकडा म्हणतात. म्हणाला, फोक, लेका, आज रात्री तुझ्या घरी दिवा लावायला नको.

खरं सांगायचं तर सकाळपासून नाक गळत होतं, जांभयांनी जबडा दुखत होता, पोटात पिळे. करंट सुरू झाला आणि हळूहळू सगळं थांबलं. घोरलो म्हणे.

१७ मार्च
बरा झालो. नर्स म्हणते अजून रोज यायचं. ते खेकड्यासारख्यांसाठी. माझी प्रकृती मुळात चांगली.

२१ मार्च
दमट हवा. भिंतींना पाणी सुटलंय. खोकला. नळीच्या आतली थोडी अफूची खरड चहात घालून घेतली. ओढली नाही. ओढणं वेगळं, पिणं वेगळं.

आणि काळजी कसली? हॉस्पिटलात ती विजेची मशीन आहेच. घरात साबण असला की माणूस चिखलाला भीत नाही.

२२ मार्च
मिस तामने डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिलं. म्हणाली, आजोबा, आज अफू पोटात घेऊन आलात. म्हटलं, खोकल्याचं औषध. म्हणाली, घेऊन आलात तर सुया लावत नाही, उद्या न घेता या. साबणाचं समजावून सांगितलं. खेकडा खाटेवरून ओरडला, ही काय लाँड्री आहे काय रे? सगळा वॉर्ड हसला. अशा वातावरणात माणूस बरा कसा होणार? थोडे दिवस घरीच विश्रांती.

२६ मार्च
ग्वाय-फोंग म्हणाली, चिंग-मिंगला, पितरांच्या सणाला, आजोबांच्या कबरीवर जाऊ तेव्हा ती नळी तिथेच जाळून टाका.

रात्रभर झोप नाही. इथे आपण जे जाळतो ते पितरांना पोचतं. कागदाचे पैसे, कागदाचे कपडे, सगळं. नळी जाळली की सरळ वडिलांच्या हातात. ते अफूपायीच गेले. आता कुठे तिकडे सुटले असतील, आणि मुलानेच नळी पाठवायची? मुलीला सांगितलं. आधी हसली. मग हसली नाही. म्हणाली, मग समुद्रात टाका. म्हटलं, समुद्रदेवीच्या अंगावर?

२९ मार्च
तोड सापडली! वडिलांसाठी नळीबरोबर मशीनही जाळायची. कागदाच्या वस्तू करणाऱ्या याउच्या दुकानात गेलो. तो बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून घरं, मोटारी, नोकर बनवतो. डबा, बटण, वायरी, सुया, सगळं समजावलं. म्हणाला, आजोबा, आतापर्यंत टीव्हीसुद्धा केला, हे पहिल्यांदाच. ग्वाय-फोंगला सांगितलं तर डोळे पुसले. म्हणाली, बाबा, खरंच जाळाल? म्हटलं, जबान दिली.

५ एप्रिल, चिंग-मिंग, संध्याकाळ
टेकडीवर खूप गर्दी. कबरीवरचं गवत काढलं, भाजलेलं डुकराचं मांस आणि संत्री ठेवली. आ-युनने तीनदा वाकून नमस्कार केला, शहाण्यासारखा.

कागदाची मशीन सुरेख झाली होती. निळा डबा, चंदेरी सुया. पेटली ती भुर्रकन. नळीही टाकणार होतो, हात पुढे केला होता. इतक्यात ध्यानात आलं, मशीनला वीज कुठून येणार? बॅटरी कुणी जाळली? नुसता डबा पोचला आणि वर नळी, म्हणजे वडिलांचा घातच. नळी परत पिशवीत ठेवली. सांगितलं, बॅटरी करून घेतो, मग बघू.

ग्वाय-फोंग पोरीला संत्रं सोलून देत बसली. उतरताना म्हणाली, तुमचं तिकीट मी उद्या परत करते, बाबा.

रागात आहे. करणार नाही.

९ एप्रिल
केलं.

१२ एप्रिल
बाजारात खेकडा दिसला. मासळीच्या टोपल्या उचलत होता, गाल भरलेत. कानांवर सुयांचे डाग अजून आहेत. त्याचं व्यसनच हलकं होतं, म्हणून सुटलं. मला म्हणाला, चल रे, मी येतो तुझ्याबरोबर हॉस्पिटलात. म्हटलं, सोमवारी.

१५ एप्रिल, सोमवार
पाऊस.

१९ एप्रिल
विमानतळावर पोचवायला गेलो. आ-युन माझ्या बोटाला धरून होती. एकदम नाक गळायला लागलं, पिळे सुरू झाले. पोरीपुढे तसं दिसणं बरं नव्हे, म्हणून बोट सोडवून संडासात गेलो, पुडीतली खरड गिळली. बाहेर येऊन बाकावर घटकाभर टेकलो. झाडूवालीने हलवून उठवलं. म्हणाली, बाबा, ते विमान केव्हाच गेलं, एक पोरगी आजोबा आजोबा करत रडत होती.

विमान वेळेआधी सुटलं असणार.

२ मे
याउने बॅटरी आणून दिली. चांगली जड दिसते, कागदाची असून. नळीशेजारी ठेवलीय. आता जाळायला हरकत नाही. पण टेकडी चढायला सोबत कुणी नाही, आणि एकट्याने चढणं छातीला झेपत नाही. पुढच्या चिंग-मिंगला.

हॉस्पिटलात गेलो होतो. माझ्या खाटेवर दुसराच म्हातारा.

आज एक विचार आला. वडिलांचं मी बघितलं. मी गेल्यावर माझ्यासाठी कोण जाळणार?

पोरी, पत्ता तुझ्याकडेच राहिला, म्हणून इथेच लिहितो. पोचलात का? आ-युन रडायची थांबली का? आणि तिकडे कागदाच्या वस्तू करणारा कुणी आहे का, तेवढं विचारून ठेव. डबा, बटण, वायरी, सुया. बॅटरी विसरू नकोस. घाई नाही. पण लवकर कळव.