आरशावरचा मालोमे

३ ऑगस्ट

पोचले एकदाची! टॅक्सीवाल्यानं मोठ्या रस्त्यावरच उतरवलं. बॅग डोक्यावर घेऊन धुळीतून चढ चढावा लागला, पण हॉटेल मोकाला पॅलेस दिसलं आणि शीण पळाला. कसला पॅलेस म्हणा! कारंजं कोरडं, ताडाची निम्मी झाडं वाळलेली, आणि फाटकावरच्या पाटीत नव्या मालकाच्या रंगाखालून जुन्या मालकाचं नाव डोकावतंय. जोहान्सबर्गला जुगाराची बंदी होती तेव्हा शनिवारी इथे गाडी लावायला जागा मिळत नसे म्हणे. आता तिकडेच झगमगीत कॅसिनो झालेत. आमच्या वाट्याला पेन्शनीतले म्हातारे.

असेनात का! मला रुलेटच्या टेबलावर काम मिळालंय, मागच्या चाळीत खोली मिळालीय, खिडकीला पडदासुद्धा आहे. घडी बसली की ओनाला घेऊन येणार. लेक सहा वर्षांची झाली, पण आईपेक्षा आजीलाच जास्त ओळखते. आणि आजीला आता डोळ्यांनी धड दिसत नाही. ही नोकरी टिकलीच पाहिजे, केनेइल्वेबाई!

५ ऑगस्ट

आमच्या वरिष्ठ म्मा सेगामेत्सी. हॉटेल उघडलं त्या दिवसापासून इथेच आहेत. आल्या आल्या मला म्हणाल्या, पोरी, तुझे हात चांगले आहेत, तोंड जरा आवर.

टेबल सोडताना हातावर हात घासायचे, टाळी वाजवायची आणि तळवे उलटसुलट करून छताकडे दाखवायचे. बघा, काही लपवलं नाही. हे मला शिकवायला नको, मी झोपेतही करत असेन. पण इथलं छत निराळं आहे. टेबलांच्या वर सगळा आरसाच. पूर्वी त्याच्यावरच्या माळ्यात एक माणूस दुर्बीण घेऊन बसायचा. त्याला खालचं सगळं दिसे, खालच्यांना फक्त स्वतःचं तोंड. आता कॅमेरे आलेत. ते बघणारा ओबाकेंग तळमजल्यावर मॅग्विन्याचे तळलेले गोळे खात बसतो. माळ्याला कुलूप आहे. तरी हात दाखवायचे ते आरशालाच.

माळ्यात अजून कोणी बसलंय असं धरूनच सगळे चालतात, आणि त्या वरच्याला मालोमे म्हणतात. मामाच की तो! भाचीचं लग्न असो, घरात बैल कापायचा असो, मामाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. कापलेल्या बैलाचं डोकंही त्याचंच. तसाच हा, म्हणे.

९ ऑगस्ट

आज गंमत झाली. भरदुपारी, टेबलावर दोनच म्हातारे, आणि बाजूचा जुना काळा फोन वाजला. त्याला आकडे फिरवायची तबकडीसुद्धा नाही. मी उचलला. एक पुरुष हळू आवाजात म्हणाला, डावा हात पुन्हा दाखव. मला वाटलं ओबाकेंग नव्या पोरीची फिरकी घेतोय. मीही कशाला मागे राहू? हात दाखवला आणि म्हणाले, घ्या मालोमे, बघा नीट. आणि खरंच मालोमे व्हायचंय का? मला भाऊ नाही, माझ्या लेकीला मामा नाही, जागा रिकामी आहे!

मग तो म्हणाला, बरं, म्मा-ओना.

हसत फोन ठेवला तर म्मा सेगामेत्सी माझ्याकडे बघत उभ्या. चेहरा राखेसारखा. आता झोपायच्या आधी लिहिताना लक्षात येतंय. मला ओनाची आई, म्मा-ओना, म्हणतात ते माझ्या गावात. इथे मी लेकीचं नाव कोणालाच सांगितलेलं नाही.

११ ऑगस्ट

ओबाकेंग आईची शपथ घेऊन सांगतो, फोन त्यानं केला नाही. त्याच्या खोलीत त्या फोनची तारच येत नाही.

म्मा सेगामेत्सींनी मला चादरींच्या खोलीत ओढून नेलं आणि फैलावर घेतलं. आपण आपसात त्याला मालोमे म्हणतो, पण त्याच्या तोंडावर कोणी म्हणतं का? नातं जोडायचं आणि वर हसायचं? मी म्हणाले, म्मा, थट्टा होती हो. त्या म्हणाल्या, तुझी होती.

१६ ऑगस्ट

हॉटेल पुन्हा विकलं जातंय. गिऱ्हाईक कोणी व्हेंटर म्हणून, जोहान्सबर्गचा. त्याला इमारत नकोच आहे, फक्त कॅसिनोचा परवाना हवाय. परवाना शहरात न्यायचा आणि इथे कुलूप ठोकायचं. जेवणघरात सगळे ताटावर नुसते बसून होते. माळी म्हणाला, मी आता काय, झाडांसारखा वाळू? या डोंगरात दुसरं काम कुठे आहे? कालच आईला निरोप धाडला होता, ओनाला पाठव म्हणून.

२२ ऑगस्ट

ओना आली! पुढचे दोन दात पडलेत, बोबडं बोलते, रात्री माझ्या कुशीत लाथा मारत झोपते. हॉटेलचं काय व्हायचं ते होवो, मी आज सुखात आहे.

सकाळी दारात बूट ठेवलेले होते. पांढरे, नवे, तिच्या बरोबर मापाचे. कोणी ठेवले विचारलं, तर चाळीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लहान भाचीला बूट कोण देतं, असं स्वयंपाकीण बाई म्हणाल्या आणि पुढचं गिळलं. याच बाई मला मोरोगोची भाजी चमचाभर वाढताना खळखळ करतात. ओनाला आज त्यांनी मांसाचे तुकडे वाढले, शेजारी बसून भरवले. सगळेच तिचे लाड करतात. मला ते आवडायला हवं होतं.

संध्याकाळी ओना खोलीच्या मधोमध उभी राहिली. तळवे घासले, टाळी वाजवली, हात उलटसुलट करून छताला दाखवले. कोणी शिकवलं? म्हणाली, मालोमेनं.

आमच्या खोलीचं छत पत्र्याचं आहे.

२४ ऑगस्ट

बूट फेकून दिले. दुपारी पुन्हा दारात. पुसलेले.

व्हेंटरची माणसं येऊन दालनाची मापं घेऊन गेली. आरसा फोडून काढणार आहेत, मग सामान विकणार.

२५ ऑगस्ट

म्मा सेगामेत्सींना धरलंच. खरं काय ते सांगा, नाहीतर मी ओरडून सगळ्यांना विचारते. तेव्हा बोलल्या. पहिला मालक सोडून गेला तेव्हाही असंच होतं. बंद होणार, सगळे रस्त्यावर येणार. मग मालोमेनं एक भाचा मागितला. एकट्यानं किती वर्षं बघत बसायचं, म्हणाला. पोरगा वर गेला. दुसऱ्याच दिवशी नव्या मालकानं मत बदललं, हॉटेल चालू राहिलं. दोनशे घरांच्या चुली पेटत्या राहिल्या.

कोणाचा होता तो, मी विचारलं. त्या चादरींच्या घड्या घालत राहिल्या. घडी घातलेली चादर पुन्हा उलगडून पुन्हा घडी.

माझ्यामुळे झालं. माझ्या जिभेमुळे.

२६ ऑगस्ट

फोन. कामावर असताना. म्हणाला, भाचीला आण. मी म्हणाले, तुम्ही कोणी नाही आमचे. म्हणाला, तू जोडलंस. मी चुकले, पाया पडते, सोडा तिला — त्यानं फोन ठेवला. टेबलाशी कोणीही माझ्याकडे बघेना.

२७ ऑगस्ट

पहाटे ओनाला पाठीला बांधून निघाले. रस्त्यावर टॅक्सी थांबलीच नाही, एकही नाही. चालत निघाले तर मागून हॉटेलची गाडी. माळी, ओबाकेंग, स्वयंपाकीण. कोणी हात लावला नाही. उलट किती प्रेमानं. कुठे चाललीस उन्हात, म्मा-ओना? पोर दमेल ना. माळी रडत होता. माझी पाच आहेत, म्हणाला. ओबाकेंगनं गाडीचं दार उघडून धरलं.

आता सगळेच मला त्या नावानं हाक मारतात.

२८ ऑगस्ट

ठरलं. मी वर जाते. भाची नाही, बहीण घे म्हणावं. त्याला सोबतच हवी ना — मी बसते जन्मभर.

किल्ली म्मा सेगामेत्सींकडेच होती. माझा हात धरून खूप रडल्या. ओनाला स्वतः आजीकडे पोचवते म्हणाल्या. देवाची शपथ घेतली, मुलाची घेतली. हॉटेलच्या गाडीनं, उद्या व्हेंटर यायच्या आत. दुसरं कोण आहे मला —

ओनाला सांगितलं, आजीकडे जायचंय. विचारते, तू कधी येशील?

काय सांगू. लवकर, म्हणाले.

२९ ऑगस्ट, दुपार

वर आले. आरशातून खालचा उजेड येतोय, त्यात लिहिते. धूळ. एक खुर्ची. एक काळा फोन.

कोणी नाही. एवढं घाबरले आणि इथे कोणीच नाही! हसू येतंय. हाका मारल्या. मालोमे, मी आले. नुसती धूळ. खुर्चीवर बसले, पाय दुखत होते म्हणून.

बसल्यावर खालचं सगळं स्पष्ट दिसतं. फार स्पष्ट. प्रत्येकाचे हात दिसतात.

व्हेंटर आलाय. माळी हात जोडतोय, हा मान हलवतोय, नाही, नाही. कागद पिशवीत घालतोय. स्वयंपाकीण मटकन खाली बसली.

ओना आता गाडीत असेल. डोंगर उतरली असेल —

खालचं दार उघडलं. म्मा सेगामेत्सी. हाताला धरून —

नाही.

पांढरे बूट. नाही, नाही, शपथ घेतली होती —

काच बडवतेय. खाली सगळ्यांनी वर बघितलं. आणि तळवे दाखवले. सगळ्यांनी. आदरानं. त्यांना वाटतंय —

फोन. उचलला की खाली वाजतो. वाजतोय. म्मा सेगामेत्सींनी उचलला. मी ओरडले, घेऊन जा तिला, मी आहे इथे, मी केनेइल्वे! त्या म्हणाल्या, हो मालोमे. आणलीय, मालोमे.

माझा आवाज. माझा आवाज असा पुरुषासारखा कधी —

फोन ओनाच्या कानाला लावला. पुन्हा पुन्हा सांगतेय, पळ बाळा, येऊ नकोस, पळ, पळ —

तिनं मान हलवली. हसली. दात पडलेत तिथून —

म्हणाली, हो मालोमे, येते.

जिन्यावर बूट वाजताहेत. दार धरून बसायला हवं. खुर्चीतून उठता येत ना—