मागच्या खोलीतल्या एन्लार्जरबाबत

लिहून ठेवणार: मी, घरातला मधला मुलगा, वय वर्षे सव्वीस, शिक्षण सातवी (नापास धरल्यास सहावी), धंदा उंच इमारतींच्या काचा बाहेरून दोरावर लटकून पुसणे, सध्या मुक्काम घरापासून फार लांब. हा मजकूर मी स्वतःच्या हाताने, कुणी दम न देता, शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. खांदे नाहीत, पण त्याने कागदाला बाधा येत नाही.

कारण असे की, गेल्या आठवड्यात शेजारच्या दोरावरचा माणूस दोन मजले घसरून अधांतरी लोंबकळत राहिला. वाचला. दुसऱ्या दिवशी मुकादमाने सगळ्यांना सांगितले, ज्याचे जे काही असेल ते कुणाला द्यायचे ते लिहून ठेवा, मागाहून तुमच्या घरच्यांची भांडणे माझ्याकडे नकोत. दस्त लिहिणाऱ्याच्या दुकानात मी दीड वर्ष झेरॉक्स काढत होतो, त्यामुळे ही भाषा थोडी येते. मध्येच सुटली तर सांभाळून घ्यावे.

कलम १. बँकेत जे शिल्लक असेल ते आईला, विनाअट. ती काढणार नाही, पासबुक उशीच्या अभ्र्यात ठेवेल. तरी तिचेच.

कलम २. पट्टा, हेल्मेट, काच धरायच्या रबरी वाट्या कंपनीच्या आहेत, परत कराव्यात. जाड जॅकेट माझ्या खोलीतल्या सुताराला. दोन वर्षे त्याचा डोळा आहे त्यावर. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, हे मी त्याला समजावले. तो म्हणाला, “मग साक्ष राहू दे, जॅकेट दे.”

कलम ३. घरात माझा जो हिस्सा येतो, त्यातला पुढच्या खोलीचा भाग दादाला, म्हणजे थोरल्या भावाला. हे उपकार नाहीत. आम्हा दोघांत मिळून एक मोटारसायकल होती. ती मी त्याला न विचारता देऊन टाकली आणि बदल्यात जुना एन्लार्जर घरी आणला. तेव्हापासून दादा गोदामापर्यंत पायी जातो. चार वर्षं झाली. येईल त्याला सांगतो, “आमच्या शहाण्यानं गाडी देऊन टेबलावरचा दिवा आणला.” दिसतो तसाच, हे मान्य आहे.

कलम ४. सदर एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हमधून उजेड सोडून खालच्या कागदावर मोठा फोटो उतरवायचं यंत्र. ज्या म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून घेतलं त्याचा स्टुडिओ बंद होत होता. लेन्स खिडकीशी धरून पाहिली, बुरशी नव्हती. खांब हलवून पाहिला, तो डुगडुगला. मी जाणकारासारखं तोंड वाकडं केलं. म्हातारा म्हणाला, “खांबाला पाचर मारता येईल. तुझं काय करायचं?” माझ्या पायाला भिंगरी आहे हे त्यानं पाच मिनिटांत ओळखलं.

मी त्यावर सगळे मिळून चाळीसेक फोटो काढले असतील. मग एक नोकरी सोडली, दुसरी धरली, तीही सोडली, इथे आलो. यंत्र मागच्या खोलीत राहिलं आणि धाकटीनं ते हाती घेतलं. धाकटी म्हणजे आमची बहीण, शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करते.

तिच्यासाठी मी इथून फोटोच्या कागदांचं खोकं पाठवलं होतं. दादा गोदामात माल उतरवून घेतो. मोजल्याशिवाय सही नाही, हा त्याचा नेम. त्यानं भर दुपारी अंगणात खोकं उघडलं, आतली काळी पिशवी फाडली, कागद एकेक करून उन्हात मोजले आणि झाकणावर लिहिलं, “शंभर नग, बरोबर.” उजेड लागला की तो कागद मेला. त्यावर एकही फोटो निघणार नव्हता. मी फोनवर दादाला नको नको ते बोललो आणि आठ महिने अबोला धरला. तो राग या कलमानं सोडत आहे. त्यानं बरोबरच मोजले होते. धाकटीनं ते शंभरही कागद खिडकीच्या फटींना चिकटवले. खोली आता पहिल्यापेक्षा काळोखी आहे म्हणते.

मागच्या महिन्यात तिनं विकतच्या कागदावर उतरवलेला एक फोटो आला. निगेटिव्ह माझंच. आई पायरीवर बसून चपलेचा पट्टा शिवतेय. मी कागदावर उतरवला तेव्हा तिचा चेहरा नुसता काळा डाग आला होता. धाकटीनं यंत्राचा उजेड पडत असताना तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर हलवत ठेवली. जिथे उजेड कमी पडतो तिथे कागद कमी काळा होतो, म्हणून तेवढाच भाग उजळ राहिला आणि आईचे डोळे दिसले. ती सुईकडे बघत नाहीये. दाराशी भरून ठेवलेल्या माझ्या पिशवीकडे बघतेय. मी तिथेच उभा होतो आणि मला हे दिसलं नव्हतं.

आता दादाच्या मुलाला अभ्यासाला खोली हवी. त्यात दादाचं काही चुकत नाही. तो फोनवर म्हणाला, “मालक तू, वापरणार ती, आणि अडचण माझ्या पोराला. महिनाअखेर मी ते माळ्यावर टाकणार. नाहीतर कुणाचं ते लिहून दे, मी बोट लावणार नाही.” माळ्यावर गेलं की लेन्सला बुरशी धरेल, आणि धाकटीच्या हातात पुन्हा नुसती काजं-बटणं. तिनं फोन घेऊन विचारलं, “भाऊ, मी याला माझं म्हणू का?” मी म्हटलं, आल्यावर बघू.

“तू येणारेस का?”

मी रेंज गेल्याचं नाटक केलं.

म्हणून मागच्या खोलीतला माझा हिस्सा, एन्लार्जर, तीन ट्रे, लाल दिवा आणि माझी सगळी निगेटिव्हं माझ्या पश्चात धाकटीला, असं इथे लिहिलं होतं. वाचून पाहिलं. माझ्या पश्चात, म्हणजे तिला खोली मिळायला आधी माझा दोर तुटायला हवा. तो न तुटता महिना संपला तर यंत्र माळ्यावर. असा कागद दस्तवाल्यानं माझ्या तोंडावर फेकला असता.

तेव्हा कलम ४ मधली देणगी या मृत्युपत्रातून काढून घेत आहे. ती वेगळ्या कागदावर, आजच्या तारखेनं, मी जिवंत असताना दिली असं लिहून आज टपालपेटीत टाकतो. दादानं लिहून मागितलं होतं, लिहून दिलं. बाकीची कलमं माझ्या मरणापर्यंत थांबू शकतात. त्यांना घाई नाही, मलाही नाही. आलोच कधी घरी, तर मागच्या खोलीचं दार आधी वाजवीन आणि आतून “ये” म्हणेपर्यंत बाहेर उभा राहीन.

लिहून ठेवणार याची सही.

त्यानं आमच्या डोळ्यांदेखत सही केली, मग आम्ही केली:
१. मेसचा आचारी (सही)
२. गेटवरचा पहारेकरी (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: कामगारांची बराक, तिसरा मजला, वरची खाट.
दिनांक: चालू महिन्याची अकरा, रविवार, सुट्टी.