केळझरच्या गडावरचं आरतीचं ताट

माय,

तू गेलीस तेव्हा काही लिहायचं सुचलं नाही. आज लिहितोय, कारण काल वर्ध्याच्या एसटी स्टँडवर कमलाकाकू भेटल्या, आपल्या जुन्या घरमालकीणबाई. त्या जे बोलल्या ते तुला सांगायलाच हवं.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. मला नुकतीच कारकुनी लागली होती. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. चार ठिकाणी असं ऐकलं आणि काकूंच्या दारात मी आडनाव गिळलं. आपण बौद्ध आहोत हे बोलायचं नाही, असं गावी आलो तेव्हा तुलाही बजावलं. तू तेव्हा मान हलवलीस का ग? मला आठवत नाही. मी तुझ्याकडे पाहिलंच कुठे होतं!

दोनेक महिन्यांनी तू गावाहून आलीस, आणि नेमकी त्याच आठवड्यात संकष्टी होती. काकूंनी सगळ्यांना केळझरला न्यायचं ठरवलं, टेकडीवरच्या किल्ल्यात गणपतीचं जुनं देऊळ आहे तिथे. नाही म्हटलं तर संशय येईल म्हणून मी दोघांच्या वतीनं हो म्हणून टाकलं.

चढताना पडक्या तटापाशी तू थांबलीस. दगडावर हात ठेवून म्हणालीस, "एवढाले गोटे वर कोनं वाह्यले असतीन, बाबू?" मी तुला गप्प केलं. देव सोडून दगड वाहणाऱ्यांचं विचारणारी बाई लगेच ओळखू येते, असं मला वाटलं. काय माझा शहाणपणा!

आरतीच्या वेळी काकूंनी ताट तुझ्या हातात दिलं. तू नुसती उभी राहिलीस. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव टोपलीत घालून धाम नदीत सोडणारी तू! तुझं बोट धरून मी काठावर उभा होतो. मला काय ते ठाऊक नव्हतं? तरी सगळ्यांसमोर हसत म्हणालो, "ओवाळ ना माय, लाजून काय राह्यली?"

तू ओवाळलंस. मान खाली घालून. आणि मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होतो.

उतरताना तू मागे पडलीस. पायथ्याशी येऊन एवढंच विचारलंस, "खोली राह्यली ना तुही?" मी खुशीत हो म्हणालो. वर, प्रसाद घेतला नाहीस म्हणून बसमध्ये तुला बोललोसुद्धा.

काल काकूंनी तुझी चौकशी केली. तू गेल्याचं सांगितलं तर डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "तुही माय आली त्याच दिवशी, तू सामान आणाले गेलता तवा, तिनं मले सांगतलं. आमी बौद्ध आहो, चालत नसन तं आत्ताच सांगा. मी म्हनलं, राहा." मग ताट का दिलंत, असं कसंबसं विचारलं. "मोठी होती म्हणून मान देल्ला. ते नाई म्हणाली असती तं मी वापस घेतलं असतं. तू काऊन मधात बोल्ला?"

माय, तू खोटं बोलली नाहीस, काकूही बोलल्या नाहीत. खोटा एकटा मीच होतो. आणि मी खोटा पडू नये म्हणून तू ताट फिरवलंस. मला का नाही सांगितलंस? एक थोबाडीत तरी द्यायची होतीस!

अजून एक कबूल करतो. कचेरीतले लोक घरी येणार असले की मी भिंतीवरची बुद्धाची तसबीर काढून कपाटात ठेवतो. इतकी वर्षं. तुझ्या सुनेनं विचारणंही सोडून दिलंय.

येत्या रविवारी ते सगळे जेवायला येणार आहेत. तसबीर जागेवरच राहील, आणि तिच्या बाजूला तुझा फोटो लावीन. पाहुण्यांपैकी कोणी विचारो वा न विचारो, तू कोण होतीस ते पानावर बसण्याआधी मीच सांगेन. मग ज्याला जेवायचं तो जेवेल.

तुझा लाजलेला,
बाबू